कॉफीतली चिकोरी आणि कापसातली माती

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेसाठी मी विषय कळविला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, तुम्ही युनियनची माणसे. तुमच्या सभा चहावर, संप चहावर, तडजोडीसुद्धा चहावर. मग मध्येच ही कॉफी कुठून आली?" प्रश्न रास्त होता. आमच्या घरी कॉफी ही रोजची वस्तू नव्हेच. ती पाहुण्यांसाठी, वर जायफळ किसून घातलेली. नाहीतर तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून. तेव्हा प्रथम हे सांगितले पाहिजे की मी कॉफीकडे कॉफीच्या वाटेने गेलेलो नाही. मी गेलो कापसाच्या वाटेने, आणि त्या वाटेवर मला एक दगड लागला.

मी शाळा नववीत सोडली आणि एका सूतगिरणीत ब्लो-रूमला लागलो. ज्यांनी गिरणी आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कापसाच्या गाठी जेथे फोडतात, कापूस मोकळा करतात आणि झोडपून त्यातला कचरा काढतात, ते हे खाते. गाठीत काय काय निघते ते या खात्यातल्या माणसाला विचारावे. सरकीचे तुकडे, वाळकी पाने, सुतळी, विडीची थोटके. एकदा तर एका पायातली चप्पल निघाली होती. हे सारे चालते. दगड मात्र चालत नाही. यंत्राच्या फिरत्या पात्यांवर दगड आपटला की ठिणगी उडते, आणि मोकळ्या कापसाला एक ठिणगी पुरे होते. तशी एकदा आग लागली. माणसे वाचली, माल गेला, यंत्र चार दिवस बंद राहिले. आणि पाळीवरच्या आमच्या एका सहकाऱ्यावर आरोपपत्र निघाले की त्याने गाठ नीट पाहिली नाही. चौकशीत त्याच्या बाजूने मी उभा राहिलो. ती माझी पहिलीच चौकशी. राखेतून निघालेला दगड मी टेबलावर ठेवला आणि विचारले, "ही गाठ वजनावर विकत घेतली. त्या वजनात हा दगड धरला होता की नव्हता? धरला असेल तर त्याचे पैसे कोणी घेतले?" चौकशी अधिकाऱ्यांनी प्रश्न गैरलागू ठरविला. आमच्या माणसाला आठ दिवस बिनपगारी घरी बसावे लागले.

प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कापसात दगडमाती कोण घालतो, का घालतो, पूर्वी तो कोणी पकडला आणि शिक्षा कोणाला झाली, हे शोधण्यासाठी मी वाचनालयाच्या पायऱ्या झिजवू लागलो. शब्दकोश उशाशी घेऊन इंग्रजी ओळी लावल्या. तेव्हा कळले की कापसाच्या भेसळीवर मुंबई इलाख्यात १८६३ साली एक खास कायदा झाला होता, आणि त्या वेळी विलायतेत हिंदुस्थानच्या कारभाराचे मंत्री होते सर चार्ल्स वुड. शाळेत १८५४ चा वुडचा खलिता ज्यांनी पाठ केला असेल त्यांना हे नाव आठवेल. मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या विद्यापीठांची मुळे त्या खलित्यात आहेत. तेच हे वुडसाहेब. त्यांचा माग काढत मागे गेलो, तो ते इंग्लंडचे अर्थमंत्री असलेले सापडले, आणि पार्लमेंटात चक्क भेसळीवरच बोलताना सापडले. ती भेसळ कॉफीची होती. एकाच माणसाच्या कारकिर्दीत दोन भेसळी आल्या आणि दोहोंना दोन वेगळे न्याय मिळाले. ते कसे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम कॉफी. ही वस्तू पूर्वी युरोपात जाई ती अरबस्तानातून, तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरातून. सुरतेच्या आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना मोखाची वाट जुनीच माहीत होती, आणि कॉफीच्या बियांना आपल्याकडे 'बुंद' म्हणत, तो शब्द अरबांकडूनच आलेला. १८३९ साली इंग्रजांनी एडन जिंकले आणि ते मुंबई सरकारच्या कारभाराखाली घातले. १९३२ पर्यंत एडन मुंबईच्याच ताब्यात होते. मोखाचा व्यापार हळूहळू तिकडे सरकला. पण त्याच्याही आधीपासून डच लोकांनी जावामध्ये, इतरांनी वेस्ट इंडीज आणि ब्राझीलमध्ये मळे घातले होते. ब्राझीलचे मळे गुलामांच्या श्रमावर चालत. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. इंग्रजांनी सिलोनात, म्हैसुरात, कुर्गात आणि वायनाडात मळे वाढविले. चिकमगळूरच्या बाबाबुदन डोंगरावर एका फकिराने मक्केहून येताना सात बिया आणून लावल्या अशी आख्यायिका आहे. बेळगाव–धारवाडच्या खाली उतरले की तो मुलूख काही फार लांब नाही.

मळे वाढले, जकात उतरली, आणि कॉफी श्रीमंताच्या दिवाणखान्यातून लंडनच्या कामगाराच्या हातात आली. १८४० च्या सुमारास लंडनमध्ये शेकडो स्वस्त कॉफीगृहे होती. पहाटे कामावर जाणारा माणूस पेनी-दीड पेनीला पेला घेई आणि तिथले वर्तमानपत्र फुकट वाची. वाचता न येणारा शेजाऱ्याकडून वाचून घेई. आमच्या चळवळीच्या इतिहासात या कॉफीगृहांना मान आहे, तो त्या पेल्यापेक्षा त्या वर्तमानपत्रासाठी.

आता त्या पेल्यात काय होते ते पाहू. चिकोरी नावाचे एक झाड आहे. निळी फुले, खाली गाजरासारखे जाड मूळ. ते मूळ वाळवून, भाजून, दळले की कॉफीसारखा काळसर, कडवट भुगा होतो. नेपोलियनच्या नाकेबंदीत युरोपला कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा या मुळाचा खप वाढला. त्यात कॉफीचा रंग आहे, कडवटपणा आहे. जी तरतरी येण्यासाठी माणूस कॉफी पितो ती मात्र नाही. चिकोरी विष नव्हे. काहींना तिची चव आवडते, आणि दक्षिणेत ती घातल्याशिवाय फिल्टर कॉफी गोड लागत नाही असे म्हणणारे पुष्कळ आहेत. भांडण चवीचे नव्हते, भावाचे होते. बाहेरून येणाऱ्या कॉफीवर १८५१ पासून पौंडामागे ३ पेन्स जकात होती; इंग्लंडातच पिकणाऱ्या चिकोरीवर १८६० पर्यंत काहीच कर नव्हता. वाण्याने पौंडभर कॉफीत पाव पौंड चिकोरी मिसळली की तेवढी जकात त्याच्या खिशात राहिली, आणि वर चिकोरीची स्वस्ताई हा निव्वळ फायदा. अर्धा पौंड मिसळली तर दुप्पट. शिवाय दळलेल्या पुडीत काय आहे हे गिऱ्हाइकाला कसे दिसणार? अख्खी बी ओळखता येते. भुकटी ओळखता येत नाही.

भाजलेले वाटाणे किंवा घेवडे कॉफी म्हणून विकू नयेत असा कायदा इंग्लंडात १८०३ सालीच होता. पण १८४० साली तिथल्या सरकारी खजिन्यानेच एक हुकूम काढून वाण्यांना चिकोरी मिसळण्याची मोकळीक दिली. मग सिलोनच्या मळेवाल्यांनी तक्रार केली की आमचा माल मागे पडतो आहे. (मळेवाल्यांना कामगाराच्या पेल्याची काळजी होती असे कोणी समजू नये.) तेव्हा १८५० साली वुडसाहेबांनी पार्लमेंटात सांगितले की मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना विचारले आहे, कॉफीत चिकोरी आहे की नाही हे रसायनाने वा दुसऱ्या कोणत्याही उपायाने खात्रीने सांगता येत नाही. जे सिद्धच करता येत नाही त्याच्यावर बंदी कशी घालावी?

हे उत्तर एका तरुण डॉक्टराने खोटे पाडले. डॉ. आर्थर हिल हॅसल यांना सूक्ष्मदर्शकाचा नाद होता. त्यांनी लंडनच्या दुकानांतून कॉफी विकत आणली आणि काचेखाली ठेवली. चिकोरी हे मूळ आहे आणि कॉफी ही बी आहे. दोहोंच्या पेशींची घडण वेगळी, मुळात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात त्या बीमध्ये तशा दिसत नाहीत. भाजले, दळले तरी ही घडण पुसली जात नाही. ३४ नमुन्यांपैकी ३१ नमुन्यांत चिकोरी निघाली. काहींत भाजलेले धान्य होते. पुढे असेही निघाले की खुद्द चिकोरीतही भेसळ करतात, आणि रंग गडद दिसावा म्हणून तीत तांबडी माती घालतात. म्हणजे चोराच्या घरी चोरी. 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राचे संपादक वॅक्ली यांनी १८५१ पासून ही तपासणी दुकानदारांच्या नावपत्त्यांसह छापायला सुरुवात केली. कोर्टात खेचले जाण्याचा धोका पत्करून नावे छापली, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

सूक्ष्मदर्शक घरी नसेल त्यांच्यासाठी एक साधी परीक्षा आहे. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या आणि वर चिमूटभर कॉफीपूड टाका. अस्सल कॉफीत तेल असते, ती बराच वेळ तरंगते आणि पाणी लवकर रंगत नाही. चिकोरी पाणी पिऊन खाली बसते आणि जाताना तपकिरी रेघ सोडते. ही परीक्षा साध्या दळलेल्या कॉफीची. पाण्यात विरघळणाऱ्या कॉफीला ती लागू नाही.

सरकारने मग काय केले? १८५२ मध्ये मिश्रणावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी उठविली. पुडीवर 'हे कॉफी व चिकोरी यांचे मिश्रण आहे' असे छापले म्हणजे झाले. किती कॉफी आणि किती चिकोरी, ते छापण्याची सक्ती नाही. (आपल्याकडे हा प्रश्न विसाव्या शतकात सुटला, मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे.) पार्लमेंटची समिती बसली, साक्षी झाल्या, आणि १८६० साली भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा झाला. त्यात दंड जास्तीत जास्त ५ पौंड. तपासनीस नेमावा की नाही हे त्या त्या गावच्या संस्थेच्या मर्जीवर. शिवाय दुकानदाराने जाणूनबुजून भेसळीचा माल विकला हे सिद्ध करायचे. बहुतेक गावांनी तपासनीस नेमलाच नाही. दात असलेला कायदा यायला १८७५ साल उजाडले.

ही झाली एक भेसळ. माल विकणारा इंग्रज दुकानदार, फसणारा इंग्रज कामगार, आणि सरकार पंचवीस वर्षे म्हणते आहे, सावकाश.

आता दुसरी. वुडसाहेब १८५९ मध्ये हिंदुस्थानमंत्री झाले आणि दोनच वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली. इंग्लंडच्या गिरण्यांत येणाऱ्या कापसाचे पाच हिस्से केले तर त्यांतले चार अमेरिकेतून येत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि तो कापूस थांबला. लिव्हरपूलच्या बाजारात अमेरिकन मध्यम कापूस युद्धापूर्वी पौंडाला सहा-सात पेन्स होता. जुलै १८६४ मध्ये तो ३१ पेन्सांवर गेला. त्याच्या मागोमाग आपला कापूसही चौपट-पाचपट चढला. लँकेशायरमध्ये गिरण्या थंड पडल्या; १८६२ च्या हिवाळ्यात सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या भाकरीवर जगत होती. ज्या गिरण्या चालल्या त्या हिंदी कापसावर. आपला कापूस कोणत्याही गावचा असो, तिकडे त्याचे नाव 'सुरत'.

सुरतेचा तंतू आखूड. अमेरिकन कापसासाठी बांधलेल्या यंत्रावर तो टिकेना. त्यात पाने, सरकी, माती. धागा सारखा तुटायचा, तो सांधण्यात वेळ जायचा, आणि मजुरी तर उक्ती, कापडावर. म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त राबून हातात निम्मे. तिथल्या चर्चमध्ये कोणी प्रार्थना केली की देवा, कापूस पाठव, पण सुरत पाठवू नकोस, अशी गोष्ट सांगतात. 'सुरत' ही तिकडे शिवी झाली. १८६३ मध्ये एका बिअर करणाऱ्या कंपनीने आपल्या मालाला 'सुरत' म्हटले म्हणून अब्रूनुकसानीचा दावा लावला. मला त्या विणकरांचा राग येत नाही. धागा तुटला की रिंग-फ्रेमवरच्या माणसाचे काय होते ते मी पाहिले आहे.

भेसळ खरी होती. कापूस हवेतले पाणी पितो; चांगल्या वाळलेल्या कापसातही शेकडा आठ-साडेआठ भाग पाणी असतेच. त्यावर रात्री आणखी पाणी शिंपडले तर वजन वाढते आणि सकाळी हाताला कळतही नाही. अशी गाठ दाबून बांधली की आत ऊब धरते, तंतू पिवळा पडतो, कुजतो. पाणी नसेल तर माती, मीठमाती, सरकी. मागच्या वर्षीचा उरलेला कापूस मधल्या थरात आणि नवा वरखाली. आखूड तंतूचा स्वस्त कापूस लांब तंतूच्या नावाने. मिरचीचे पोते आणि गुळाची ढेप ज्यांनी बाजारात पाहिली आहे त्या गडहिंग्लजकरांना यातले काही नवीन वाटणार नाही.

पण करीत कोण होते? इंग्रजी कागदांत जागोजाग एकच उत्तर येते: इथली लबाड रयत. रयत धुतल्या तांदळासारखी होती असे मी म्हणणार नाही. तरी कापसाचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. शेतकऱ्याला सारा रोख भरायचा, तोही बहुधा पीक हातात येण्यापूर्वी. म्हणून कापूस बोंडात असतानाच तो सावकाराला लिहून दिलेला. वेचणी झाली की माल सावकाराच्या दारात. तिथून दलालाकडे, दलालाकडून सरकी काढणाऱ्याकडे, मग वखारीत, मग लमाणांच्या बैलांवर किंवा गाड्यांवर आठ-आठ दिवस धुळीतून बंदराला; तिथे कच्च्या गाठी फोडून पुन्हा दाबायच्या; मग मुकादम, मग कुलाब्याचा कापूसबाजार, मग निर्यातदार. एवढ्या हातांतून माल गेला आणि प्रत्येक हाताचा नफा वजनावर. स्वच्छ कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या घाणेरड्या कापसाइतकाच भाव, कारण सगळा एकाच ढिगात पडणार. तर तो निवडण्याची मजुरी कशासाठी खर्च करील? १८४८ साली जॉन ब्राइट यांच्या समितीपुढे साक्षी झाल्या, तेव्हाही ही गोष्ट पुढे आली होती. भाव मातीलाही मिळत होता, म्हणून माती येत होती.

धारवाडचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. तिकडचा देशी कापूस कुमठा बंदरातून जाई म्हणून त्याचे बाजारी नाव कुमठा. १८४० नंतर कंपनी सरकारने अमेरिकेतून अनुभवी मळेवाले आणले. इतर ठिकाणी प्रयोग फसले, धारवाडकडे मात्र अमेरिकन जातीचा कापूस रुजला. त्याची सरकी काढायला करवतीच्या दात्यांचे जिन आले. मालाला भाव चांगला मिळू लागला तसा त्या जिनांवर देशी कापूसही येऊन पडू लागला, आणि दोहोंची मिसळ 'धारवाड-अमेरिकन' म्हणून जाऊ लागली. यातले खरे नुकसान गाठीतले नव्हे. जिनमधून निघालेली सरकीही मिसळीची, आणि पुढच्या वर्षी पेरायची ती तीच. दोन-चार वर्षांत शेतातच भेसळ उगवू लागली. पुढे वऱ्हाड-खानदेशातही, भरपूर उतारा देणाऱ्या आखूड तंतूच्या जातींनी जुनी लांब तंतूची बनी जात अशीच मागे ढकलली. आणि शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याचा हिशेब चुकलेला नव्हता. भाव जर वजनाला, तर वजन देणारे झाड लावावे.

कापसाच्या फसवणुकीविरुद्ध मुंबई सरकारचा एक नियम १८२९ पासून होताच. पण १८६३ मध्ये, भाव शिगेला जात असताना, मुंबईच्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून मुंबईच्या कायदेमंडळाने नवा कायदा केला, १८६३ चा नववा. त्याखाली स्वतंत्र खाते निघाले. डॉ. फोर्ब्स त्याचे प्रमुख. निरीक्षक नेमले, गाठी दाबण्याच्या कारखान्यांना परवाने लावले, भेसळीचा माल जप्त करण्याचा अधिकार दिला. खात्याचा खर्च भागविण्यासाठी गासडीमागे फी बसविली. ही फी निर्यातदार भरत, पण खरेदी करताना तेवढा भाव खाली धरीत. म्हणजे शेवटी कुणी भरली ते सांगायला नको. वुडसाहेबांविषयी न्यायाने बोलायचे तर मँचेस्टरवाल्यांच्या सगळ्याच मागण्या त्यांनी मान्य केल्या नाहीत, आणि यावरून त्यांच्यावर तिकडे पुष्कळ टीका झाली. हा कायदाही त्यांनी स्वतः लिहिला नव्हता. परंतु फरक पाहा. लंडनच्या वाण्याच्या बाबतीत भेसळ ओळखताच येत नाही हे म्हणणे चालले. खानदेशातल्या गाडीवरचा कापूस मात्र कोणत्याही निरीक्षकाला हाताने चाचपून ओळखता येतो, असे गृहीत धरले गेले. तिकडे तपासनीस ऐच्छिक, इकडे सक्तीचा. तिकडे तक्रार करणारा पेनीवाला कामगार होता. इकडे तक्रार करणारा गिरणीमालक होता.

कॉफीच्या मळ्यांशी जोडलेला आणखी एक कायदा इथेच सांगतो, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. १८५९ चा तेरावा कायदा. उचल घेऊन कामावर न येणाऱ्या किंवा काम सोडून जाणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून काम करण्याचा हुकूम देता येई, आणि त्याने ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. हा मूळ तीन इलाखा शहरांसाठी होता. पुढे तो म्हैसूर, कुर्ग, वायनाडच्या कॉफीमळ्यांवर भरपूर वापरला गेला. मजुराने करार मोडला तर तुरुंग, मालकाने मजुरी थकविली तर दिवाणी दावा. हा कायदा रद्द झाला १९२५ साली. म्हणजे कॉफीत चिकोरी घालणाऱ्याला ५ पौंड दंड, आणि ती कॉफी तोडायला न आलेल्या बाईला तुरुंग, हे दोन्ही कायदे एका वर्षाच्या अंतराने झालेले आहेत.

भावाचे पुढे काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईत या चार-पाच वर्षांत सात-आठ कोटी पौंड जास्तीचे आले असा अंदाज जुने लेखक देतात. लोकांनी गाद्या फोडून कापूस विकला म्हणतात. प्रेमचंद रायचंद यांचे दिवस होते ते. बॅकबे भरणी कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या वर गेला. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ ला वायद्यांची देणी चुकती करायची वेळ आली तेव्हा शहर बुडाले. शेतकऱ्याच्या हाती चढत्या भावातला काय हिस्सा आला यावर विद्वानांचा वाद आहे. सावकाराने त्या दिवसांत सढळ हाताने दिलेले कर्ज मात्र उतरत्या भावात फेडायची वेळ आली. १८७५ मध्ये सुप्याला दंगा सुरू झाला तो भाग मुख्यतः कापसाचा नव्हे; तरी लोकांनी काय जाळले? घरे थोडी, खतपत्रे जास्त.

आणि तो कायदा? तो फार दिवस टिकला नाही. ज्या व्यापाऱ्यांनी तो मागितला त्यांतलेच पुष्कळ जण दहा-बारा वर्षांत तो नको म्हणू लागले. १८७४-७५ मध्ये चौकशी झाली, १८७८ मध्ये नवा कायदा आला, आणि थोड्याच वर्षांत तोही खात्यासकट गुंडाळला गेला. कापूस जो काही सुधारला तो निरीक्षकांमुळे नव्हे, आगगाडीमुळे, असे अनेकांचे म्हणणे होते, आणि मला ते पटते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा लॉर्ड मेयोंनी उघडला. आठ दिवसांची धूळ वाचली. दाबण्याचे कारखाने शेताजवळ आले, आणि मधले काही हात कमी झाले. १८८६ मध्ये वऱ्हाडात कारंजा येथे नियमांखाली चालणारा कापूसबाजार निघाला, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या बाजारांसाठी कायदाच झाला. वजन उघड्यावर, दलाली ठरलेली, भाव लिहून. आजच्या बाजार समित्यांचे मूळ तिथे आहे. त्या बाजारांच्या कारभारात पहिली कित्येक वर्षे शेतकऱ्याला आवाज थोडाच होता, हेही सांगून ठेवतो.

भेसळ एवढ्याने थांबली नाही. १९१७ मध्ये पुन्हा कापूस समिती बसली. तिच्या शिफारशींवरून १९२३ मध्ये एका भागातला हलका कापूस दुसऱ्या भागात मिसळण्यासाठी नेण्यावर बंधन घालणारा कायदा झाला, आणि १९२५ मध्ये जिन-प्रेस कारखान्यांचा. या शेवटच्या कायद्यातले एक कलम मला फार उशिरा वाचायला मिळाले. प्रत्येक दाबलेल्या गाठीवर त्या प्रेसची खूण आणि गाठीचा अनुक्रमांक असला पाहिजे. म्हणजे गाठ कुठेही फुटली तरी ती कुठे बांधली गेली हे कळावे. १८६३ चे निरीक्षक गाडीवानाच्या मागे धावत होते, आणि तरी ही साधी गोष्ट व्हायला साठ वर्षे लागली.

आमच्या त्या गाठीलाही नंबर होता. ती फोडण्यापूर्वी गोदामाच्या वहीत त्याची नोंद झाली असणार, आणि खरेदीखात्याच्या बिलावरही. चौकशी तीन बैठकांत आटोपली. वही मागविण्याचा अर्ज करता येतो हे मला माहीत होते. पण त्या वहीत काय शोधायचे, ते मला त्या वेळी ठाऊक नव्हते.